कुंड्यांच्या साच्यांपायी साडेअठरा हजार गेले

मी बेळगावात शहापूर भागात राहते. घरबसल्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या शोभेच्या कुंड्या करा, त्या आम्हीच विकत घेऊ, असं सांगून एकाने माझे १८,५०० रुपये नेले. अजून बायकांना असे फोन येतायत, म्हणून सगळं लिहिते.

माणूस घरी आला. मराठी, कन्नड दोन्ही सफाईने बोलणारा. "वहिनी, तुम्ही फक्त कुंड्या ओता, माल उचलायचं आमच्याकडे लागलं." त्याने समोर एक कुंडी ओतून दाखवली. पंधरा मिनिटांत ती घट्ट झाली, साचा हाताला गरम लागला. मला तिथेच विश्वास बसला. बारा सिलिकॉनचे साचे, प्लास्टरच्या दोन गोण्या आणि एका कुंडीमागे ४५ रुपये, असं ठरलं. पैसे फोनवरूनच पाठवले.

करार शंभराच्या स्टॅम्प पेपरवर होता, कन्नडमध्ये. मला कन्नड बोलता येतं, पण कोर्टकचेरीचं कन्नड वाचायला जमत नाही. तशीच सही केली. पुढे मुलीने सावकाश वाचून अर्थ सांगितला: 'गुणमट्ट', म्हणजे दर्जा, पसंत पडला तरच माल घेणार. पसंत कोण करणार, कशावरून करणार, याचा एक शब्द नव्हता. सगळी मेख तिथे होती. त्यांची कमाई आपल्याला साचे विकण्यात, कुंड्या त्यांना नकोच असतात.

घरी आलेल्या गोणीतलं प्लास्टर त्याने दाखवलं होतं ते नव्हतंच. किलोला साधारण सहा-सातशे मिली पाणी घ्यायचं, पाण्यात प्लास्टर सोडायचं, उलटं नाही. हे सगळं मी नीट केलं. तरी तासाभरानेही साच्यात ताकातल्या पिठासारखा लगदा. साचा गरम होण्याचं नाव नाही. दमट जागी पडून राहिलेलं प्लास्टर असंच मरतं. शेवटी चिमूटभर कोरड्या भुकटीवर लिंबू पिळलं, तर चर्र करून फेस आला. चुनखडीची भुकटी मिसळली असली की असा फेस येतो. साचेही पातळ, चौथ्या-पाचव्या वेळी कुंडी काढताना दोन साच्यांची कड फाटली.

तरी बाजारातून चांगलं प्लास्टर आणून साठ कुंड्या केल्या. बुडबुडे आहेत म्हणून सगळ्या नापास! वर "ट्रेनिंग"साठी आणखी चार हजार मागितले. मी नाही म्हटलं, तेव्हापासून फोन बंद.

माझी खरी चूक तीन आठवडे वाट बघत बसण्याची. पैसे ऑनलाइन गेले असतील तर त्याच दिवशी १९३० वर, म्हणजे ऑनलाइन फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर, फोन करा. वेळेत कळवलं तर पुढच्या खात्यात पैसे अडवायची शक्यता असते. मी कळवेपर्यंत ते खातं रिकामं झालं होतं.

कुंड्या वाईट नाहीत, फक्त प्लास्टर पाणी शोषतं. आत रोपवाटिकेची प्लास्टिकची पिशवी किंवा छोटी कुंडी ठेवावी लागते. हेही त्याने सांगितलं नव्हतं. माझी तुळस थेट मातीत लावलेली कुंडी पावसाळ्यात बुडाशी मऊ पडली.

गेल्या आठवड्यात निपाणीच्या मावसबहिणीचा फोन आला. तेच फोटो, तेच ४५ रुपये. तिला म्हटलं, अक्का, आधी त्यांनी आजवर कुणाकडून माल घेतला त्या दोन बायकांचे पत्ते माग. तिने मागितले. त्या माणसाने फोन ठेवला तो अजून उचलत नाही.