फुकटच्या जेवणाचं आमंत्रण आणि माझे 1,03,850 रुपये

पेट्रोल पंपावर कूपन भरून घेतात, चार दिवसांनी "सर, तुमचा नंबर लागलाय, जोडीनं या" असा फोन येतो, हे सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं. तरी गेल्या ऑगस्टमध्ये आम्ही दोघं त्या हॉटेलात गेलो, कारण "काहीही विकत घ्यायचं नाही, फक्त माहिती ऐका" असं तीनदा सांगितलं होतं.

दोन तास डोकं खाल्लं. 10 वर्षांची हॉलिडे मेंबरशिप, दरवर्षी 6 रात्री, किंमत 95,000. ही म्हणाली, घरी जाऊन विचार करू. तेवढ्यात त्यांचा मॅनेजर आला. "मॅडम, हा रेट फक्त आजचा आहे." तिथेच उठायला हवं होतं. खरा भाव उद्याही तोच असतो. उद्या नसेल तर तो भाव नाही, फास आहे.

पण त्याहून मोठी चूक पुढची. करार 11 पानांचा. तो मुलगा पानं स्वतः उलटत होता, सहीची जागा पेन्सिलनं फुली मारून दाखवत होता आणि डावा तळवा पानाच्या खालच्या भागावर ठेवत होता. मी तो तळवा पाहिला. "हात बाजूला घ्या" एवढं म्हणायला जीभ रेटली नाही. त्या हाताखाली लिहिलं होतं: रक्कम कोणत्याही कारणाने परत मिळणार नाही. मी हावरट नाही, अडाणी नाही, 22 वर्षं हिशेबाचंच काम करतोय. माणूस समोर गोड बोलत असताना त्याच्यावर अविश्वास दाखवणं जमलं नाही, इतकंच. डेबिट कार्डावरून 25,000 आणि क्रेडिट कार्डावरून 70,000 गेले.

दिवाळीचं बुकिंग मागितलं तर म्हणाले, आधी वार्षिक मेंटेनन्स भरा, 7,500 अधिक 18 टक्के जीएसटी. ते 8,850 भरले. मग कळलं की दिवाळी, नाताळ, मे महिना, सगळ्या तारखा बंद.

पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारानं करार चाळला आणि "तुम्हीच सही केलीय ना? हा दिवाणी मामला आहे" म्हणून परत पाठवलं. जुनं 420 म्हणजे आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318. ते मी तोंडानं सांगितलं, तर "आम्हाला कायदा शिकवू नका"! लेखी अर्ज द्या, पोच घ्या, पोच देत नसतील तर पोलीस अधीक्षकांना पोस्टानं पाठवा. मी पहिल्या खेपेला पोच घेतली नाही, तो अर्ज गेला कुठे कोणास ठाऊक. बँक म्हणाली, पिन तुम्हीच टाकलात. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार जरूर नोंदवा, पण ती मध्यस्थी करते, पैसे परत द्यायचा हुकूम काढू शकत नाही. कंपनीनं तिथेही "कराराप्रमाणे" हा एकच शब्द फेकला. रजिस्टर्ड नोटीस पाठवली, लखोटा "ऑफिस बंद" असा शेरा घेऊन परत आला. तो फाडू नका, उघडूही नका, तसाच पुरावा म्हणून लावा.

शेवटी जिल्हा ग्राहक आयोग. करारात "वाद फक्त दिल्लीच्या न्यायालयात" असं होतं, त्याला घाबरून मी तीन महिने वाया घालवले. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात तुम्ही जिथे राहता किंवा काम करता तिथल्याच आयोगात तक्रार करता येते. 5 लाखांपर्यंत फी शून्य, वकीलही सक्तीचा नाही. एका वकिलानं माझ्याकडे 30,000 मागितले होते. तक्रार 'अनुचित व्यापारी प्रथा' आणि 'सेवेतील त्रुटी' म्हणून लिहा. 'अनुचित करार' ही मुख्य मागणी केलीत तर तो विषय राज्य आयोगाचा, जिल्हा आयोग तिथेच अडवेल.

कायदा म्हणतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून शक्यतो 3 महिन्यांत निकाल. माझ्या 5 तारखा झाल्या. दोनदा अध्यक्षांचं पद रिकामं म्हणून नुसतीच पुढची तारीख. तीनदा कंपनीच्या वकिलाला मुदतवाढ, आणि मी अर्धा दिवस रजा टाकून बाकावर बसलेला! लुटलेल्या माणसानंच खेटे का घालायचे? उत्तर द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्याच्या पुढे मुदत देता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं 2020 मध्ये स्पष्ट केलंय. चौथ्या तारखेला मी ते कागदावर लिहून दिलं, तेव्हा कुठे कामकाजात नोंद झाली.

त्या दिवशी आमच्या आजूबाजूच्या टेबलांवर आणखी पाच जोडपी होती. एकीच्या मांडीवर झोपलेलं बाळ होतं, त्यांनीही सही केली. तुमच्यापैकी कोणी हे वाचत असेल तर तक्रारीची मुदत 2 वर्षांची आहे, सहीच्या तारखेपासूनच मोजा. सारखी तक्रार असलेल्या ग्राहकांना आयोगाच्या परवानगीनं एकत्र लढता येतं. माझी सगळी कागदपत्रं तयार आहेत, त्यांच्या झेरॉक्स मी देईन.