टिळकवाडीतला रविवारचा रसग्रहण वर्ग

खानापुराहून रविवारची सकाळ मोडून बेळगावला कविता शिकायला जाणार म्हटल्यावर घरात विचारलंच, "आता ह्या वयात परीक्षा देणार की काय?" कडोली, उचगाव, येळ्ळूरची संमेलनं आम्ही चुकवत नाही. कविता ऐकतो, टाळ्या वाजवतो, जेवून घरी येतो. कविता उसवून बघायची सवय मात्र नव्हती. ती इथं लागते.

पहिल्या रेल्वे गेटाजवळ एका निवृत्त बाईंच्या घरी हा वर्ग भरतो. बाईंचा नियम एकच, अर्थ शेवटी. बालकवींची ‘औदुंबर’ घेतली तेव्हा बराच वेळ नुसत्या मात्रा मोजण्यात गेला, ऱ्हस्व अक्षराची एक, दीर्घाची दोन. आठच ओळींची कविता. ‘ऐल तटावर, पैल तटावर’ अशा आठ-आठ मात्रा, मागे दहा-अकराचं शेपूट. बोटांवर मोजत गेलं की आठव्या मात्रेला शब्द संपतो, श्वास घेता येतो. मग येते ‘पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे’. इथं आठवी मात्रा ‘पां’वरच भरते, ‘ढरी’ पलीकडं जातं. पुढच्या ओळीत ‘कुरणां’वर पुन्हा तीच गत, ‘मधुनि’ पलीकडं. बाकी कुठल्याच ओळीत असं होत नाही. वाट आडवीतिडवी, तशी चालही! कॉलेजात आम्ही ‘निसर्गकवी’ एवढं लिहून मोकळे झालो होतो.

मग कान लावायचे. ‘टेकडीकडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘डोहाकडे’ अशी ड-ढची खडखड चालते, आणि ‘झांकळुनी जळ गोड काळिमा’ला ‘ळ’वर जीभ रेंगाळते. हिरवा, निळासांवळा, पांढरा करत रंग काळ्या डोहाशी येतो. पाण्यात पाय सोडून बसलेला औदुंबर एकाला समाधानी वाटला, मला एकटा. बाईंनी निवाडा दिला नाही. "काळिमा ‘गोड’ का, तेवढं बघा की," म्हणाल्या. १९१८ साली जळगावकडच्या भादलीजवळ कवी रेल्वेखाली सापडून गेले, हे त्यांनी अगदी उठताना सांगितलं. आधी सांगितलं असतं तर सगळ्यांना डोहात मरणच दिसलं असतं. मला ही युक्ती फार आवडली.

उणं म्हणाल तर झेरॉक्स पुसट असतात, अनुस्वार दिसत नाहीत, आणि मात्रा मोजताना नेमका तोच घोटाळा होतो. गाडी आली की हॉर्नपुढं काही ऐकू येत नाही, तेव्हा आतल्या बाजूला बसा. मुक्तछंद आला की बाई उरकतात. मोजायला काही नसलं की त्यांचा जीव रमत नाही, असं मला वाटतं. चहा बरा असतो.

महिन्याला तीनशे रुपये. कन्नड माध्यमातली दोन मुलंही येतात, त्यांचा कान आमच्यापेक्षा तयार आहे. दहावीच्या मार्कांसाठी पोराला पाठवायचं मनात असेल तर दुसरीकडं बघा. तयार उत्तरं इथं लिहून देत नाहीत.