दिवाळीला मराठवाड्यात जाताना: रेल्वे, एसटी, ट्रॅव्हल्स की स्वतःची गाडी?

पुण्यात नोकरी आणि मराठवाड्यात घर असणाऱ्या माणसाने दिवाळीच्या प्रवासाचा विचार पोळ्याला सुरू केला, तर तो वेळेवर सुरू केला असे समजावे. रेल्वेने १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षणाची मुदत १२० दिवसांवरून ६० दिवसांवर आणली. आणि श्रावणी अमावास्येपासून आश्विनातल्या अमावास्येपर्यंत, म्हणजे आपल्याकडच्या पोळ्यापासून लक्ष्मीपूजनापर्यंत, साधारण ५९ दिवस भरतात. त्यामुळे धनत्रयोदशीला निघायचे असेल तर त्या दिवसाचे आरक्षण पोळ्याच्या तीनेक दिवस आधी उघडते आणि भाऊबीज करून दुसऱ्या दिवशी परतायचे असेल तर पोळा झाल्यावर, हरतालिकेच्या आत. (अधिक आश्विन आला, जसा २०२० मध्ये आला होता, तर हा हिशेब महिनाभराने पुढे सरकतो.) बैलांना न्हाऊ घालायच्या दिवसांत जो मोबाइलवर तिकीट काढून मोकळा होतो, त्याला पुढच्या चार पर्यायांची तुलना करत बसावे लागत नाही. हा आढावा उरलेल्यांसाठी आहे, आणि मीही बहुतेक वर्षी उरलेल्यांतच असतो.

ही तुलना सहसा भाडे आणि वेळ या दोनच गोष्टींवर होते. माझ्या अनुभवाने मराठवाड्यापुरत्या त्याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी आहेत: मोठ्या गावापासून आपल्या घरापर्यंतचे शेवटचे पंचवीस-तीस किलोमीटर, आणि परतीच्या दिवसाचे सामान. ज्या गाडीचे तिकीट दोनशे रुपयांनी स्वस्त मिळाले, ती पहाटे साडेतीनला भलत्याच फाट्यावर उतरवणार असेल, तर ती स्वस्ताई म्हातारी माणसे आणि झोपेतली पोरे घेऊन रस्त्याच्या कडेला उजाडण्याची वाट पाहण्यात फिटते. म्हणून आधी घराचा उंबरठा आणि तिथपर्यंतचा टप्पा ठरवावा आणि मग मागे मागे येत गाडी निवडावी.

या दृष्टीने पाहिले तर मराठवाडा प्रवासापुरता तरी एकसंध नाही. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, नांदेड ही मनमाडहून येणाऱ्या लोहमार्गावरची गावे आहेत, आणि मुंबईहून येणाऱ्याला तिथे देवगिरी, नंदीग्राम, तपोवन अशा ओळखीच्या गाड्या थेट नेतात. ३० डिसेंबर २०२३ रोजी जालन्यापर्यंत सुरू झालेली मुंबईची वंदे भारतही ऑगस्ट २०२५ पासून नांदेडपर्यंत जाते. मात्र पुण्याहून संभाजीनगरला रेल्वेने जायचे म्हणजे दौंड, अहिल्यानगर, मनमाड असा वळसा घालायचा, तर सडकेने तेच अंतर सुमारे २३५ किलोमीटर आहे. तेव्हा पुणेकराने संभाजीनगर-जालन्यासाठी रेल्वेचा हट्ट धरण्यात मला अर्थ दिसत नाही. धाराशिव, लातूर, परळी या बाजूचे चित्र उलटे आहे. कुर्डुवाडीहून जाणारा मार्ग पुणेकरांच्या सोयीचा आहे, आणि पनवेल-नांदेड गाडी पुण्याहून लातूर, परळी, परभणीमार्गे रात्रीतून नेऊन पोहोचवते. बीडहून १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मुक्तिसंग्राम दिनी, अहिल्यानगरला पहिली रेल्वे सुटली तेव्हा फलाटावर पाय ठेवायला जागा नव्हती, तो आनंद खराच होता. परंतु दिवाळीच्या गर्दीत तिच्यावर विसंबून सगळ्या कुटुंबाचा बेत आखावा, अशी स्थिती अजून आलेली नाही. बीडकरांनी तूर्त सडकेचाच विचार करावा.

रेल्वेचा मोठा गुण असा की तिच्यात पाठ टेकता येते, स्वच्छतागृह असते आणि वाघोलीच्या कोंडीशी तिचा संबंध येत नाही. दोष असा की तिकीट हातात असले तरच ती गाडी आपली. पूर्वी खिडकीवरचे प्रतीक्षा यादीतले तिकीट घेऊन लोक शयनयान डब्यात चढत आणि कोणाच्या तरी पायाशी बसून परभणी गाठत. १ मे २०२५ पासून अशा तिकिटावर आरक्षित डब्यात बसू न देण्याचा नियम कडकपणे अमलात आणायला सुरुवात झाली आहे, आणि ऑनलाइन काढलेले प्रतीक्षा यादीतले तिकीट तक्ता लागताना निश्चित झाले नाही तर आपोआप रद्दच होते. तत्काळचा दरवाजाही अरुंद झाला आहे. गाडी पहिल्या स्थानकाहून सुटते त्याच्या आदल्या दिवशी वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता तो उघडतो. १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळ तिकिटासाठी खाते आधारशी जोडलेले असावे लागते आणि निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केले तर परतावा मिळत नाही. आधार जोडण्याचे काम तिकिटाच्या सकाळी करायला घेणाऱ्यांची फजिती मी पाहिली आहे: पडद्यावर चक्र फिरत राहते, ओटीपी येतो तो चार मिनिटांनी, आणि तोवर ‘उपलब्ध’ हा हिरवा शब्द जाऊन तिथे प्रतीक्षा यादीतला तीन आकडी क्रमांक आलेला असतो. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे आणि पाच ते बारा वर्षांच्या मुलाला स्वतंत्र बर्थ हवा असेल तर पूर्ण भाडे पडते, हेही खर्चाच्या हिशेबात धरावे.

एसटीचा हिशेब मात्र कागद-पेन्सिल घेऊन करावा, कारण तो बहुतेक जण चुकीचा करतात. नवरा, बायको, अठ्ठ्याहत्तर वर्षांची आई आणि नऊ वर्षांचा मुलगा असे चौघे निघाले आहेत असे धरू. महिलांना १७ मार्च २०२३ पासून निम्मे भाडे आहे, पंचाहत्तरीपुढच्या ज्येष्ठांना २६ ऑगस्ट २०२२ पासून राज्यात मोफत प्रवास आहे आणि मुलाला अर्धे तिकीट लागते. म्हणजे चौघांचे मिळून दोन पूर्ण तिकिटांचे भाडे होते, वर आरक्षणाचा किरकोळ आकार. खासगी बसला त्याच दर्जाच्या एसटीच्या दीडपटीपर्यंत भाडे घेण्याची मुभा शासनाने २७ एप्रिल २०१८ च्या निर्णयाने दिली आहे. तिथे चार माणसांच्या चार जागा लागणार, म्हणजे ही मर्यादा काटेकोर पाळली गेली तरी सहा तिकिटांचे पैसे झाले. दोनाला सहा. दिवाळीच्या आधीच्या शुक्रवारी ती मर्यादा किती पाळली जाते, हे ज्याने त्याने ॲप उघडून स्वतः पाहावे आणि दीडपटीहून जास्त आकारणी दिसली तर त्या पडद्याचे छायाचित्र काढून आरटीओकडे तक्रार करावी. एसटीही दिवाळीत दहा टक्के हंगामी भाडेवाढ करीत असे. २०२४ आणि २०२५ मध्ये ती मागे घेतली गेली.

तेवढ्यावरून एसटी निवडावी का? दिवसाचा प्रवास असेल आणि अंतर सहा-सात तासांचे असेल तर निःसंशय निवडावी. वाटेत गाडी बंद पडली तर वाहक मागून येणाऱ्या एसटीत बसवून देतो, आणि हा आधार खासगी बसला नाही. शिवाय एसटी तालुक्याच्या स्थानकात आत नेऊन सोडते, जिथून गावची मुक्कामी गाडी निघते. संध्याकाळी सहा-सातच्या बेताने ती गाठता येईल अशा वेळी पुणे सोडले, तर काळी-पिवळीवाल्याशी घासाघीस करण्याची वेळ येत नाही. रात्रीच्या लांब प्रवासासाठी मात्र, नांदेड-हिंगोलीसारख्या ठिकाणी जाताना, साध्या गाडीच्या बाकावर दहा-अकरा तास म्हाताऱ्या माणसाला बसवणे क्रूरपणाचे आहे आणि सवलतीच्या मोहाने ते करू नये. आरक्षण नसेल तर जादा गाड्यांची आशा असते, पण वाकडेवाडीच्या स्थानकावर धनत्रयोदशीच्या संध्याकाळी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची कला ज्याला अवगत नाही, त्याने ती त्या दिवशी शिकायला जाऊ नये.

ट्रॅव्हल्सची बाजू घेणारे लोक झोपून जाता येते आणि घराजवळून बसता येते हे दोन मुद्दे सांगतात आणि दोन्ही बरोबर आहेत. मीही एका वर्षी स्लीपरची दोन तिकिटे काढली होती. बस सांगवी फाट्यावर साडेनऊला येणार होती. रस्त्याच्या कडेला पन्नास-साठ माणसे बॅगांवर बसलेली, प्रत्येकाच्या कानाला फोन, आणि पलीकडून प्रत्येकाला एकच उत्तर: वाकडला आहे, पाच मिनिटांत येतो. बस बाराला आली. डिकीत आधीच कसलेसे पार्सलचे खोके भरलेले असल्याने आमच्या बॅगा वर, पायाशी घेतल्या गेल्या, आणि सकाळी सातला पोहोचणारी गाडी पावणेअकराला केजच्या चौकात उभी राहिली. ट्रॅव्हल्सने जाणाऱ्याने घोषित वेळेत सणाच्या दिवशी तीन तास मिळवावेत आणि पुढची गाडी त्यावर बेतावी. एक गोष्ट न चुकता करावी: बर्थवर आडवे होण्यापूर्वी संकटकालीन दार कुठे आहे, त्याच्यासमोर सामान रचलेले नाही ना आणि काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे का, हे उठून पाहावे. जालना जिल्ह्याला लागून असलेल्या सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर उलटून पेटलेल्या खासगी बसमध्ये २५ प्रवासी मृत्युमुखी पडले, कारण उलटलेल्या बसच्या दाराची बाजूच जमिनीकडे गेली होती.

स्वतःची गाडी चौघांना परवडते, दोघांना नाही. पुण्याहून लातूर सव्वातीनशे किलोमीटर धरले आणि गाडी लिटरला सोळा किलोमीटर चालली तरी एका बाजूला वीस-एकवीस लिटर इंधन लागते, टोल वेगळा. १५ ऑगस्ट २०२५ रोजी ३,००० रुपयांना सुरू झालेला फास्टॅग वार्षिक पास राष्ट्रीय महामार्गांवर चालतो. समृद्धी किंवा मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही. समृद्धीचा ७०१ किलोमीटरचा मार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला झाला, मात्र मराठवाड्यातले संभाजीनगर आणि जालना हे दोनच जिल्हे त्याच्यावर येतात, त्यामुळे मुंबईकराला त्याचा लाभ मोठा आणि लातूरकराला जवळजवळ शून्य. या रस्त्यावर चालकाचा खरा शत्रू एकसुरीपणा आहे. दर दीड-दोन तासांनी थांबावे आणि निघण्यापूर्वी टायर, विशेषतः त्यांचे वय, तपासून घ्यावे.

बाकी रस्त्यांवर दिवाळीच्या सुमारास धोका वेगळा असतो. सोयाबीनची मळणी उरकलेली असते आणि मोंढ्याकडे जाणारी वाहने रस्त्यावर असतात. त्याच दिवसांत साखर कारखान्यांची धुराडी पेटायला लागतात. बार्शी, मुरूड, कळंबच्या पट्ट्यात रात्री आठनंतर पुढे काळोखाचा एक ठोकळा हळूहळू सरकताना दिसतो, आणि तो उसाच्या दोन ट्रॉल्यांचा ट्रॅक्टर आहे हे ब्रेकवर पाय गेल्यावर कळते; मागे दिवा नाही, परावर्तक नाही, कांड्या दोन्ही बाजूंनी हातभर बाहेर आलेल्या. म्हणून या भागात गाडी न्यायची तर पहाटे चारला पुणे सोडावे, हडपसर ते यवत किंवा वाघोली ते रांजणगावचा पट्टा उजाडायच्या आत मागे टाकावा आणि दुपारचे जेवण घरी घ्यावे. संध्याकाळी कार्यालयातून थेट निघून रात्रीतून पोहोचण्याचा बेत मला कोणत्याही कारणाने पटत नाही.

परतीचा विचार सगळ्यात शेवटी होतो आणि खरी अडचण तिथेच असते. जाताना दोन बॅगा असतात. येताना त्यांच्या सोबत चकलीचे आणि शेवेचे डबे, तुरीच्या डाळीची पिशवी, ज्वारीचे अर्धे पोते, आणि शेवटच्या क्षणी आईने फडक्यात बांधून दिलेल्या धपाट्यांचे गाठोडे असते. रेल्वेत हे सारे बाकाखाली राहते. एसटीत ते मधल्या वाटेत येते आणि वाहक कुरकुरतो. ट्रॅव्हल्समध्ये पोत्याचे वेगळे पैसे मागतात. स्वतःच्या गाडीत मात्र आणखी एक पोते आग्रहाने चढवले जाते. ज्यांच्याकडे परतीचे सामान जड, त्यांनी जाण्यापेक्षा येण्याचे रेल्वे तिकीट आधी काढावे. भाऊबीज आठवड्याच्या मध्यात आली तर बहुतेक लोक रविवारपर्यंत राहतात, आणि त्या रविवारी सगळे एकदम परततात. एक रजा वाढवून सोमवारी दुपारी निघणे किंवा शनिवारीच निघणे, यांतले काहीही चालेल.

तेव्हा निवड अशी करावी. संभाजीनगर, जालना, बीड आणि दिवसाचा प्रवास असेल तर आरक्षित एसटी, त्यातही घरात महिला आणि ज्येष्ठ असतील तर दुसरा विचारच नको. परभणी, नांदेड, हिंगोलीला जाणाऱ्याने पोळ्याच्या मुहूर्तावर रेल्वे साधावी; ती हुकली तर एकट्या तरुणाने ट्रॅव्हल्स घ्यावी आणि कुटुंबवाल्याने निघण्याचा दिवस दोन दिवसांनी अलीकडे ओढावा. लातूर-धाराशिवला चौघे असतील आणि पहाटे उठण्याची तयारी असेल तर स्वतःची गाडी.

आमचे गाव अंबाजोगाई तालुक्यात. जाताना आम्ही चौघे सकाळच्या एसटीने जातो, अंबाजोगाईच्या स्थानकात चहा होतो आणि सातची मुक्कामी गाडी मिळते. येताना पुतण्या मोटारीने परळीला सोडतो, पंचवीसेक किलोमीटर, आणि तिथून आम्ही रात्रीची रेल्वे पकडतो. यंदा ते परतीचे तिकीट हरतालिकेच्या आदल्या दिवशी सकाळी आठला काढले. ज्वारीचे पोते खालच्या बाकाखाली मावते, हे माहीत असल्यामुळे खालचेच बर्थ मागितले आहेत.