बंद पडलेली जुनी फियाट लांबून आणायची आहे: कंटेनर की अख्खा ट्रक?

गाडी पाहून झाली, सौदा झाला, पण ती उभी आहे हजार किलोमीटरवर आणि चालू नाही. अशा वेळी मोजक्याच वाटा असतात. कार कॅरियरच्या बंद कंटेनरमध्ये इतर गाड्यांबरोबर एक जागा घ्यायची, सपाट पाठीचा, एकच गाडी वाहणारा फ्लॅटबेड मागवायचा, नाहीतर माल वाहणारा साधा ट्रक अख्खा ठरवून त्यात गाडी चढवायची. यातली पहिली आणि शेवटची वाट मी स्वतः चाललोय. २०१९ साली भोपाळहून १९८४ची पद्मिनी कंटेनरने आणली आणि गेल्या हिवाळ्यात कोइम्बतूरहून १९७१ची फियाट ११००डी ट्रकने. दोन्ही बंद होत्या, दोन्ही कोल्हापूरला आल्या.

टोचन करून, म्हणजे दुसऱ्या गाडीला बांधून ओढत आणण्याचा विचार कुणाच्या मनात असेल तर तो आधी काढून टाका. फियाट काय किंवा अँबेसेडर काय, ताकद मागच्या चाकांना जाते. मागची चाकं रस्त्यावर फिरत राहिली की प्रोपेलर शाफ्ट फिरतो आणि त्याच्याबरोबर गिअरबॉक्सचा मागचा भाग. इंजिन बंद असल्यामुळे आतलं तेल वर उडत नाही, म्हणजे तो भाग कोरडाच घासत राहतो. गॅरेजपर्यंत दोन किलोमीटर ठीक आहे, घाट ओलांडून नाही.

फ्लॅटबेडबद्दल माझी काहीच तक्रार नाही. बेड मागे सरकतो, विंचने गाडी अलगद वर येते, कुणाला धक्का मारावा लागत नाही. अडतं ते पैशाशी. तो जाता-येता दोन्हीचे किलोमीटर लावतो. कोइम्बतूर ते कोल्हापूर साधारण हजार किलोमीटर, म्हणजे दोन हजार किलोमीटरचं भाडं. मला ७८ हजार सांगितले होते. तीनशे किलोमीटरच्या आत असाल तर मात्र पुढचं वाचत बसू नका, सरळ फ्लॅटबेड घ्या.

राहिले दोघं. भोपाळच्या वेळी मला कंटेनर हाच शहाणपणाचा मार्ग वाटला होता. ऊन नाही, पाऊस नाही, रस्त्यावरचे दगड नाहीत, आणि भाडं निम्म्याहून कमी. फोनवर गाडी बंद आहे हे मी सांगितलं होतं. "चालतंय सर, चार हजार जास्त लागतील," असं उत्तर आलं. तेही दिले.

मला माहीत नव्हतं ते एवढंच की कंटेनर भोपाळहून कोल्हापूरला येतच नाही. पद्मिनी आधी भिवंडीच्या यार्डात उतरली, सहा दिवस उघड्यावर उभी राहिली, मग दुसऱ्या कंटेनरमध्ये चढून चाकणजवळ आली. तिथे पुन्हा उतरली आणि शेवटी एका फ्लॅटबेडवर कोल्हापूरला. चालू गाडीला या चढउताराचं काही वाटत नाही. ड्रायव्हर बसतो, किल्ली फिरवतो, रॅम्पवरून उतरवतो. बंद गाडीला प्रत्येक वेळी चार अनोळखी माणसं ढकलतात, नाहीतर दोर बांधून ओढतात. तो दोर कुठे बांधायचा हे त्यांना कुणी शिकवलेलं नसतं.

गाडी दारात आली तेव्हा पुढची दोन चाकं दोन दिशांना बघत होती. खाली वाकून पाहिलं तर उजवीकडचा टाय रॉड धनुकलीसारखा वाकलेला आणि त्यावर नायलॉनच्या दोराचे निळे धागे अजून चिकटलेले. कुणीतरी हुक घालायला सोपी जागा म्हणून स्टेअरिंगचाच रॉड धरला होता. कुठल्या यार्डात हे झालं, ते आजतागायत कळलेलं नाही. भोपाळचा म्हणाला भिवंडीत विचारा, भिवंडीचा म्हणाला आम्ही तर जशी आली तशी चढवली. टाय रॉड बदलून मिळाला, खर्चही फार नव्हता. पण एकोणीस दिवसांत माझी गाडी नेमकी कुणाच्या ताब्यात होती, हे एकालाही सांगता येऊ नये, ही गोष्ट मनातून गेली नाही. पुढच्या वेळेचा निर्णय तिथेच झाला.

म्हणून फियाटसाठी ट्रक. कोइम्बतूरहून इचलकरंजीला सूत येतं, त्यामुळे आपल्या भागातल्या गाड्या त्या मार्गावर नेहमी असतात. परतीचं भाडं मिळालं तर अख्खा ट्रकही आवाक्यात येतो. मला ३१ हजार पडले, वाराई म्हणजे हमाली आणि चढवण्याचा खर्च वेगळा. कंटेनरवाल्याने या वेळी एकूण २१ हजार सांगितले होते. म्हणजे निदान दहा हजारांचा फरक, आणि तो कमी नाही हे मान्य.

ट्रक घेताना मोजमापाकडे लक्ष द्या. चौदा फुटी बॉडीत फियाट बसते, पण पुढेमागे मिळून जेमतेम फूटभर जागा उरते आणि दोर आवळायला हात जात नाही. अँबेसेडर तर सवाचौदा फुटांची, ती बसतच नाही. सतरा फुटी घ्या. जागा उरलीये म्हटल्यावर ट्रान्सपोर्टवाला हमखास विचारतो, "मागे थोडी सुताची पोती टाकू का?" नाही म्हणा. एक पोतं सरकलं तरी डिकीचं झाकण गेलं.

खरा घोळ चढवण्याचा. ट्रकचा फाळका कंबरेच्या वर असतो आणि रॅम्प कुणाकडेच नसतो. हायड्रा क्रेन बोलावून पट्ट्याने उचलू म्हणणारे भेटतात. पट्टा दारांखालच्या पत्र्यावर येतो आणि जुन्या गाडीत तोच पत्रा सर्वांत आधी गंजलेला असतो. आम्ही शेजारच्या गोडाऊनचा धक्का, म्हणजे माल चढवायचा उंच ओटा, तासाभरासाठी मागून घेतला. धक्का आणि फाळका एका पातळीवर आले की निम्मं काम झालं.

त्याआधी अर्धा दिवस ब्रेकमध्ये गेला. अकरा वर्षं उभ्या असलेल्या गाडीचे मागचे लायनर ड्रमला धरून बसले होते. तिथल्या मेकॅनिकने ड्रमवर कडेकडेने लाकडी हातोडा मारत ते सोडवले. मग ट्रकच्या पुढच्या कड्याला चेन पुली अडकवली आणि दुसरं टोक फियाटच्या पुढच्या क्रॉस मेंबरला, म्हणजे खालच्या आडव्या दांड्याला, मधे जाड गोणपाट घालून. मी आत स्टेअरिंगवर. साखळीचा खडखड आवाज, वीतभर गाडी पुढे, लगेच मागच्या चाकाला लाकडी ठोकळा, पुन्हा खडखड. पंचवीस मिनिटं लागली. हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं, आणि चढवणं एकदा, उतरवणं एकदा, एवढंच. दहा हजार मी त्यासाठी दिले असं समजा.

बांधताना दोर बॉडीवरून घेऊ नका. चाकांना पट्टे आणि मागच्या ॲक्सलला दोर. बॅटरी काढून ठेवा, जुनं पेट्रोल काढून टाका. चाकाच्या टोप्या, आरसे, वायपर, नावाची अक्षरं आधीच काढून स्वतःबरोबर आणा. गेली तर जुन्या बाजारात महिनोन्‌महिने शोधत बसावं लागतं.

बिल्टीवर, म्हणजे ट्रान्सपोर्टच्या पावतीवर, गाडीची किंमत लिहून घ्यायला विसरू नका. २००७च्या रस्ते मालवाहतूक कायद्यात आणि त्याखालच्या नियमांत, जास्त किमतीची जोखीम जादा आकार भरून आधी लिहून घेतली नसेल, तर वाहतूकदाराची जबाबदारी भाड्याच्या दहापटीपर्यंतच असते. भाडं कमी तर भरपाईही कमी. नुकसान झालंच तर बुकिंगपासून १८० दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते. कागदांत आरसीची प्रत आणि दुसऱ्या राज्यातून येत असेल तर फॉर्म २८ची एनओसी. गाडी पन्नास वर्षांपलीकडची असेल तर २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणीही करता येते, तो निर्णय मात्र सवडीने घ्या.

कंटेनरवर मी फुली मारत नाही. गाडी रंगवून तयार असेल, स्वतःच्या चाकांवर आणि स्वतःच्या इंजिनावर चढउतार करत असेल, आणि दिल्ली-पुणे किंवा पुणे-बंगळूरसारखा थेट मार्ग असेल, तर कंटेनरच बरा. ट्रकमध्ये ताडपत्री वाऱ्याने रात्रभर फडफडते आणि नव्या रंगावर घासून पांढरट पट्टे उठवते. पावसाळ्यात तर मीसुद्धा ट्रक घेणार नाही. बुकिंग करताना एकच प्रश्न विचारा: वाटेत गाडी किती वेळा उतरवणार? उत्तर गुळमुळीत आलं तर बंद गाडी त्यांच्याकडे देताना मी तरी दोनदा विचार करेन.

फियाट अडीच दिवसांत आली. ड्रायव्हर शिरोळचा होता. हुबळीहून रात्री त्याने फोन केला, "मालक, धारवाडच्या पुढं जरा थांबतो. उजवा पट्टा सैल पडलाय, आवळून घेतो." सकाळी शिरोली एमआयडीसीत मित्राच्या फाउंड्रीच्या धक्क्याला ट्रक लागला तेव्हा मी आधी खाली वाकून टाय रॉड पाहिले. दोन्ही सरळ होते.