पूलसाठी क्लोरीन: गोळी, दाणे, हायपो की मिठाचं मशीन?

मेव्हण्याने सिन्नरजवळच्या शेतघरात पोहायचा पूल बांधायला काढलाय. टाइल्सचा निळा ठरला, पाण्यातले दिवे ठरले, आणि परवा फोनवर विचारतो, "दाजी, क्लोरीनचं काय करू? दुकानदार गोळ्या घ्या म्हणतो, काँट्रॅक्टर मिठाचं मशीन लावा म्हणतो."

आमचा पूल दापोलीच्या वाडीत. आठ मीटर लांब, चार रुंद, सरासरी 1.4 मीटर खोल, म्हणजे 45 हजार लिटर पाणी. गोळ्या, दाणे, हायपो (म्हणजे पातळ सोडियम हायपोक्लोराइट) तिन्ही वापरून झालंय. मिठाचं मशीन शेजारच्या वाडीत रोज बघतो.

पाण्यात गेल्यावर चारही प्रकार जंतू मारतात ते एकाच पदार्थाने, हायपोक्लोरस आम्लाने. त्यामुळे 'कोणतं जास्त कडक' हा वाद फुकटचा. आमच्या पाण्यात क्लोरीन 1 पीपीएमने, म्हणजे लिटरमागे 1 मिलिग्रॅमने, वाढवायला 90 टक्केवाली गोळी 50 ग्रॅम लागते, 65 टक्केवाले दाणे 70 ग्रॅम, 10 टक्केवालं हायपो साधारण 450 मिली. खरा फरक आहे तो काम झाल्यावर पाण्यात मागे काय उरतं यात.

गोळी: आळशी माणसाची मैत्रीण

गोळी म्हणजे टीसीसीए, ट्रायक्लोरोआयसोसायन्युरिक ऍसिड. तरंगत्या डब्यात ठेवली की आठवडाभर हळूहळू विरघळते. शनिवार-रविवारीच वाडीवर जाणाऱ्याला याहून सोयीचं काही नाही. आम्हीही दिवाळीपासून निर्धास्त गोळ्याच टाकत होतो. मे महिन्यात भाचरं आली आणि त्याच आठवड्यात पाणी मुगाच्या पाण्यासारखं हिरवट, गढूळ झालं. क्लोरीन तपासायच्या किटमधले थेंब टाकले तर रंग गडद पिवळा, म्हणजे क्लोरीन भरपूर. दुकानदार म्हणाला, अजून चार गोळ्या टाका. टाकल्या. पाणी आणखी हिरवं.

गोम अशी, की गोळीसोबत सायन्युरिक ऍसिड, म्हणजे स्टॅबिलायझरही पाण्यात जातं. ते थोडं हवंच, 30 ते 50 पीपीएम. नाहीतर कोकणातलं ऊन दोन-चार तासांत बहुतेक क्लोरीन खाऊन टाकतं. पण हे उडून जात नाही, बॅकवॉशच्या, म्हणजे उलटं पाणी सोडून फिल्टर धुतल्याच्या, पाण्याबरोबर जाईल तेवढंच. गोळीतून 10 पीपीएम क्लोरीन घातलं की 6 पीपीएम स्टॅबिलायझर वाढतो. रोज 2 पीपीएम खर्च धरला, तर महिन्याला 36. स्टॅबिलायझर 40 असताना 3 पीपीएम क्लोरीन शेवाळ रोखतं. तोच 100 झाला की 7-8 लागतं. क्लोरीन असतं, पण बांधून घातल्यासारखं. शिवाय ते पिवळे थेंब मोकळं आणि अडकलेलं क्लोरीन एकत्रच मोजतात, त्यामुळे खरी गोष्ट कळतच नाही.

शेवटी स्टॅबिलायझरचं किट मागवलं. नळीच्या तळाला काळा ठिपका असतो; पूलचं पाणी आणि औषध मिसळून गढूळ झालेलं पाणी वरून ओतत जायचं, ठिपका दिसेनासा झाला की आकडा वाचायचा. पाणी जितक्या लवकर ठिपका झाकेल तितका स्टॅबिलायझर जास्त. आमचा ठिपका 100 च्या खुणेच्या कितीतरी आधीच गायब, म्हणजे 100 च्या कितीतरी वर. उपाय एकच, पाणी बदलणं. अर्धा पूल उपसून माडांना सोडवत नव्हता, गटारात सोडला आणि ऐन मे महिन्यात दोन टँकर विकत घेतले. गोळी आम्लधर्मी असल्याने पीएच घसरला होता तो वेगळाच. टाइल्समधल्या ग्राउटवरून बोट फिरवलं की वाळू हाताला यायची.

पण गोळीला कायमचं हाकलू नका. दापोलीत पावसाळ्यात तीन मीटरच्या वर पाऊस पडतो, आणि तोही 1.4 मीटर खोल पूलवर! पाणी ओसंडत राहतं, साठलेला स्टॅबिलायझर वाहून जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर आम्ही गोळ्याच टाकतो, पीएच आठवड्याला बघून.

दाणे आणि हायपो

दाणे म्हणजे कॅल्शियम हायपोक्लोराइट. स्टॅबिलायझर वाढत नाही, पण कॅल्शियम वाढतं. 10 पीपीएम क्लोरीनमागे पाण्याचा जडपणा सुमारे 7 पीपीएमने. आमच्या विहिरीचं पाणी मऊ, साबणाला मूठभर फेस. अशा पाण्याला थोडं कॅल्शियम हवंच असतं, ग्राउट टिकतं. म्हणून पाऊस गेला की आम्ही दाण्यांवर येतो. मेव्हण्याच्या बोअरचं पाणी मात्र गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवणारं. त्याने दाणे टाकले तर वर्षभरात टाइल्सवर तोच थर. टाक्यांत टाकायची साधी ब्लीचिंग पावडर तर नकोच, तळाला चुन्याचा चिखल बसतो.

हायपो मागे फक्त थोडं मीठ ठेवतं. पण त्याचा जोर उन्हाळ्यात भराभर उतरतो; पत्र्याच्या खोलीत महिनाभर राहिलेला कॅन म्हणजे निम्मं पाणीच समजा. ताजं, थोडं थोडं आणायचं, सावलीत ठेवायचं. आणि रोज संध्याकाळी घालायला माणूस हवा.

मिठाचं मशीन

पाण्यात 3 ते 4 हजार पीपीएम मीठ, म्हणजे आमच्या आकाराला 135 ते 180 किलो; मशीन त्यातूनच क्लोरीन काढतं. पाणी अंगाला मऊ लागतं, खरंय. पण पीएच सतत चढतो, दर आठवड्याला ऍसिड घालावं लागतं. जड पाण्यात सेलवर, म्हणजे मशीनच्या क्लोरीन काढणाऱ्या भागावर, क्षार बसतात. वीज गेली, पंप थांबला की क्लोरीनही थांबलं. आमच्याकडच्या पावसात तर मीठ समुद्राला मिळतं, पुन्हा गोणी आणा. आणि बॅकवॉशचं खारं पाणी सुपारीच्या बुंध्याशी सोडता येत नाही, हे काँट्रॅक्टर सांगत नाही.

मेव्हण्याला सांगितलं ते असं. तुझ्याकडे पाऊस आमच्या पाव हिस्साही धड पडत नाही, म्हणजे गोळीचा स्टॅबिलायझर धुऊन जाणार नाही. पाणी जड, म्हणून दाणे नकोत. सालगडी रोज तिथेच असतो, तेव्हा हायपो घे. सुरुवातीला एकदाच स्टॅबिलायझर घाल, आमच्याएवढ्या पूलला 1.8 किलो, म्हणजे 40 पीपीएम होईल. पीएच 7.2 ते 7.4 ठेव. उडून गेलेल्या पाण्याची भर बोअरपेक्षा गोठ्याच्या पत्र्यावरचं पावसाचं पाणी साठवून घाल.

पहिली उमेद म्हणून दोन-चार गोळ्या, थोडे दाणे असं सगळंच आणून ठेवशील, तर एका खोलीत ठेवू नकोस. गोळी आणि दाणे एकत्र आले, एकच चमचा दोन्हींत फिरला, तरी पेट घेऊ शकतात. हायपोत ऍसिड पडलं तर विषारी क्लोरीन वायू निघतो. आणि दाणे बादलीतल्या पाण्यात टाकायचे, दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. हे सालगड्याला तू स्वतः करून दाखव, फोनवरून नको.