घरी येऊन मृत्युपत्र करून देणाऱ्या वकीलबाई : चार तारे

घाईत असणाऱ्यांसाठी आधीच सांगते. काम नीट झालं, फी वाजवी वाटली, मसुद्यात एक ढोबळ चूक निघाली आणि ती बाबांच्या नजरेला पडली म्हणून निभावलं. पाचपैकी चार तारे. वकीलबाईंचं नाव लिहीत नाही. वकिलांनी स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे, आणि त्यांनी स्वतःच बजावलं, "ताई, लिहायचं तं लिहा, पण नाव नका टाकू." नागपूरला धंतोलीत ऑफिस आहे, एवढंच. धंतोलीत दवाखाने आणि वकील इतके लागून आहेत की एका जिन्यावरून उतरून दुसऱ्यावर चढलं की झालं. आमच्या बाबांना मात्र दवाखान्याआधी वकील हवा होता.

त्यांच्या या हट्टामागे आमच्या घरातल्या दोन मरणांची कहाणी आहे. ती सांगितल्याशिवाय या सेवेची किंमत कळायची नाही.

आम्ही मूळचे काटोलकडचे. पणजोबा 1920 नंतर लवकरच गेले. त्या काळच्या रीतीप्रमाणे अखेरच्या क्षणी त्यांना खाटेवरून उतरवून शेणानं सारवलेल्या जमिनीवर दर्भ पसरून निजवलं होतं. ओसरीला गोदानाची गाय बांधलेली, तोंडात गंगाजल आणि तुळशीचं पान, अर्धं गाव अंगणात. त्या गर्दीत पणजोबा म्हणाले, विहिरीजवळचा तुकडा माझ्या बहिणीला. ती बालविधवा होती, माहेरीच राहायची. पाच जाणत्या माणसांनी ऐकलं, माना डोलावल्या, कागदावर एक अक्षर उतरलं नाही. आत्याआजीनं काही वर्षं तो तुकडा वाहिलाही. मग पुतण्यांनी विचारलं, कोणी ऐकलं होतं? पाचातले दोघे तोवर वारलेले. एकजण म्हणाला, मी त्या वेळी वैद्यबुवांना आणायला गेलो होतो. आत्याआजीचं उरलेलं आयुष्य ओसरीवर, दोन वेळच्या जेवणावर गेलं.

वकीलबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हळहळ वगैरे काही व्यक्त केली नाही, सरळ दोन प्रश्न टाकले. साल कोणतं? आणि तो तुकडा वडिलोपार्जित की स्वतः घेतलेला? मला वाटत होतं तोंडी बोललेलं कायद्यात कधीच धरत नसतील. तसं नाही म्हणाल्या. आपल्या मध्य प्रांत-वऱ्हाडात हिंदू माणसानं तोंडी केलेलं मृत्युपत्रही तेव्हा चालायचं. 1870 चा हिंदू विल्स ॲक्ट बंगालकडच्या मुलखाला आणि मुंबई-मद्रास या शहरांना लागू होता, नागपूरला नाही. 1 जानेवारी 1927 पासून केलेल्या मृत्युपत्रांना मात्र लेखी कागद, सही किंवा अंगठा आणि दोन साक्षीदार ही अट सगळीकडच्या हिंदूंना लागली. म्हणजे पणजोबांचा शब्द निव्वळ तोंडी होता म्हणून बाद होत नव्हता. पण जमीन वडिलोपार्जित असेल तर एकत्र कुटुंबातला आपला हिस्सा मृत्युपत्रानं देताच येत नसे. तो अधिकार 1956 च्या हिंदू उत्तराधिकार कायद्यानं दिला. तो तुकडा कोणत्या प्रकारातला होता, हे आता घरात कोणालाच ठाऊक नाही.

आजोबांच्या वेळी कागद झाला, पण शेवटच्या रात्री. आजोबा मोडीत झोकदार सही करायचे, दुधाच्या हिशेबावरसुद्धा. त्या कागदावर मात्र 'निशाणी डावा अंगठा'. लिहिणारा कोण, तर ज्या काकाला घर मिळत होतं त्याच्या सासरचा माणूस. बाकीचे भाऊ कोर्टात गेले. 1958 मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती गजेंद्रगडकरांनी दिलेला निकाल अजूनही प्रमाण मानतात असं वकीलबाईंकडून कळलं : मृत्युपत्राभोवती संशयाला जागा असेल, तर तो संशय कागद पुढे करणाऱ्यानंच दूर करायचा. आमच्याकडे शेवटी तडजोड झाली. दोन काका एकमेकांच्या घरच्या लग्नांना मात्र गेले नाहीत.

म्हणून बाबा चालते-फिरते असतानाच म्हणाले, "मले शुद्धीत असताना करू द्या."

आता प्रत्यक्ष सेवेबद्दल. बाई दुपारी आल्या, चहा नको म्हणाल्या आणि पहिलं काम काय केलं, तर आम्हा सगळ्यांना घराबाहेर काढलं. मला, नवऱ्याला, पुण्याहून आलेल्या भावाला, वहिनीला. "ज्याले काही भेटणार आहे त्यानं इथं बसू नये." वहिनीला राग आला. मला तर ही बाई पहिल्यांदा तिथेच आवडली. पूर्वी मरणाऱ्याच्या उशाशी सगळं घर जमायचं. ज्याला शेत हवं तोच पाय चेपत असायचा, ज्याला दागिने हवेत तीच कपाळावर हात ठेवून. त्या गर्दीतून आलेला शब्द पुढे कोर्टात लटका ठरला तर नवल कसलं?

आत काय झालं ते बाबांनीच नंतर रंगवून सांगितलं. बाईंनी मिळकतीचा विषय बराच वेळ काढलाच नाही. सकाळी काय खाल्लं? तर्री-पोहे. डॉक्टरनं चालतं म्हटलं का? नाही म्हटलं. मग कोणी आणून दिले? ते नाव बाबांनी फोडलं नाही. टपाल खात्यातून कोणत्या साली निवृत्त झाले, काटोलच्या बागेत संत्र्याची झाडं किती उरली, मोठा नातू काय शिकतो. बाबांना ही तपासणी चालली आहे हे कळत होतं आणि ते मजेत होते. मग मिळकतीची यादी : त्रिमूर्तीनगरचं घर, त्याचा लीजचा कागद आणि आखीव पत्रिका (शहरातल्या मिळकतीचा सरकारी उतारा), काटोलचा सातबारा, बँकेच्या ठेवी. बँकेत नॉमिनी म्हणून माझं नाव आहे. त्यावर बाईंनी स्पष्ट सांगितलं की नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पैसे वारसांसाठी सांभाळून ठेवणारा. काटोलच्या जमिनीतला बाबांचा हिस्सा तेवढाच बाबांना देता येईल, कारण 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित भागात माझाही जन्मजात हिस्सा धरतात. भावाला हे नवीन होतं. तो बराच वेळ काही बोलला नाही.

मधेच बाबांनी नागपूरकर भोसल्यांचा विषय काढला. लहानपण नागपूरच्या महाल भागात गेलं, त्यामुळे हा विषय कुठूनही निघतो. 1853 च्या डिसेंबरात तिसरे रघूजी दत्तक न घेता गेले, डलहौसीनं राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे-दागिने लिलावात निघाले. बाबांचं म्हणणं, राजांनी वेळेवर कागद केला असता तर! बाई म्हणाल्या, काकाजी, झाशीला काय झालं? गंगाधररावांनी त्याच वर्षी 20 नोव्हेंबरला, इंग्रज अधिकाऱ्यांच्या समोर, दत्तक घेतला आणि दुसऱ्या दिवशी गेले. कागद होता, साहेब साक्षीला होता, तरी झाशी खालसा झालीच. बाबा हरले, पण खूश झाले. त्यांच्याशी इतिहासावर वाद घालणारं माणूस आता क्वचितच भेटतं. बाईंचं वाचन दांडगं आहे, हे मान्य. मात्र इंग्लंडातल्या कोल नावाच्या म्हाताऱ्याचा 1676 चा खटला त्यांनी इतका लांबवला की चहा दोनदा गरम करावा लागला. त्याच्या तरुण बायकोनं नवरा मरता मरता तोंडी सगळं मलाच देऊन गेला, असं म्हणत नऊ साक्षीदार उभे केले होते, आणि त्यातले बहुतेक खोटे निघाले. पुढच्याच वर्षी तिथे कायदा झाला : तीस पौंडांवरची मिळकत तोंडी द्यायची तर शेवटच्या दुखण्यात, तीन साक्षीदारांसमोर. किस्सा भारी आहे. बाबांच्या फीच्या वेळेत सांगितला, एवढंच.

साक्षीदारांबाबत त्यांनी दिलेला सल्ला लाखमोलाचा. बाबांनी सकाळच्या फिरण्यातले दोन मित्र ठरवले होते, दोघेही ऐंशीच्या पुढचे. बाई म्हणाल्या, साक्षीदार तुमच्यापेक्षा तरुण घ्या, उद्या कोर्टात उभं राहायचं आहे त्यांना. मग समोरचे पन्नाशीतले डॉक्टर आणि शाळेतल्या एक बाई आल्या. डॉक्टरांनी शुद्धीत असल्याचा दाखलाही त्याच तारखेचा दिला. साक्षीदारांनी आतला मजकूर वाचायची गरज नाही, बाबांना सही करताना पाहायचं आणि त्यांच्यासमोर आपली सही करायची, बस. सही होताना मोबाइलवर चित्रणही केलं. बाई म्हणाल्या, याचा आधार होईल, पण हे साक्षीदाराच्या जागी चालत नाही.

एक मित्र मात्र रुसले. ते मोमिनपुऱ्यातले, बाबांचे टपाल खात्यातले जुने सहकारी. साक्षीला घेतलं नाही म्हणून बाईंना स्वतःचंच विचारायला लागले. त्यांना कळलं की मुस्लिम कायद्यात तोंडी वसीयत आजही चालते, पण वारसांच्या संमतीशिवाय एक तृतीयांशापलीकडे नाही, आणि मरणाच्या दुखण्यात केलेल्या बक्षिसालाही तीच मर्यादा. "म्हणजे आमच्याकडे मरताना उदार व्हायची सोयच नाही," असं म्हणून ते हसत गेले.

आता तारा कुठे कापला ते. मसुदा आला, बाबा वाचायला बसले. बाबांची वाचायची पद्धत टपाल खात्यातली : ओळीखाली स्टीलची पट्टी ठेवायची, ओळ संपली की पट्टी खाली सरकवायची, मनीऑर्डरच्या वहीत करायचे तशी. तिसऱ्या पानावर पट्टी थांबली. बाबांनी चश्मा काढला, पुसला, परत लावला. "हे तिसरं पोरगं कोन्तं, मले सांगाल का?" मसुद्यात 'माझे तिन्ही मुलगे' असं होतं, आणि खाली कुठल्यातरी दुसऱ्याच माणसाच्या प्लॉटचा नंबर. जुन्या पक्षकाराचा मजकूर ज्युनियरनं तसाच चिकटवला होता. बाईंनी माफी मागितली, दुसऱ्या दिवशी स्वच्छ प्रत आली, जास्तीचे पैसे घेतले नाहीत. पण दुसऱ्याची मिळकत आम्हाला दिसली, तशी आमची कोणाला दिसत असेल? हा प्रश्न मी विचारला. "यापुढे होणार नाही" हे उत्तर मला पुरलं नाही. शिवाय भाषा. 'सबब', 'उपरोक्त', 'सदरहू' यांची रेलचेल. वहिनीनं आईची शेवटची सेवा केली म्हणून तिला बांगड्या, हे वाक्य बाबांना त्यांच्या शब्दांत हवं होतं. बाईंनी आधी ते गाळलं होतं, बाबांनी परत घालायला लावलं. असं कारण लिहिलेलं असेल तर उद्या उलट उपयोगीच पडेल, हे शेवटी त्यांनीही मानलं.

नोंदणी ऐच्छिक आहे, मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागत नाही. माणूस अंथरुणाला खिळलेला असेल तर नोंदणी अधिकारी घरी येऊ शकतो, तशी कायद्यात तरतूद आहे. बंद पाकिटात जिल्हा निबंधकाकडे ठेवायचीही सोय आहे. बाबांना दोन्ही नको होतं, ऑटो करून स्वतः जायचं होतं. त्या कार्यालयात सर्व्हर बंद, पंखा बंद, आणि म्हाताऱ्यांना बसायला एकच बाक. बाईंनी आपली ज्युनियर सोबत दिली होती, तिनं कुठून तरी खुर्ची पैदा केली. फोटो, अंगठे, सह्या झाल्या. बाबांनी मुद्दाम मोडीत सही करायची का विचारलं. तिथल्या बाबूनं वर पाहिलं आणि म्हटलं, आधारवर आहे तशीच करा.

फी 15,000 घेतली, पावतीसह. काटोलच्या कागदांसाठी जाणं-येणं वेगळं. कोणी व्हेंटिलेटरवर असेल आणि आज रात्रीच सही हवी असेल, तर या बाईंना फोन करू नका, त्या सरळ नाही म्हणतात. माझ्या ओळखीच्या एका घराला त्यांनी तसं नाही म्हटलं, म्हणून त्यांच्याबद्दल बाहेर वाईटही ऐकायला मिळेल. मसुदा मात्र पट्टी लावून वाचा, आणि आधार, सातबारा, आखीव पत्रिका यांवरची नावं सारखी आहेत का ते त्यांना बोलवायच्या आधीच बघून ठेवा. आमच्याकडे सातबाऱ्यावर आडनावातला एक काना गायब होता, आणि त्या दुरुस्तीसाठी तलाठ्याकडच्या खेपा अजून चालूच आहेत.