अर्ध्या मायक्रॉनची अ‍ॅल्युमिना पावडर: काही महिन्यांच्या वापरानंतर

सिरॅमिकचे भाग बनवताना अ‍ॅल्युमिनाच्या (अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडच्या) ३ मायक्रॉनच्या पावडरीवरून ०.५ मायक्रॉनवर यावं का? जरूर यावं. पण पिशवी फोडून थेट डायमध्ये (दाबायच्या साच्यात) भरणार असाल, तर पैसे वाया जातील.

भट्टीत फरक लगेच कळतो. जाड पावडर १६५० अंशांच्या वर नेल्याशिवाय नीट घट्ट होत नाही. बारीक पावडरीत ०.१ टक्क्याच्या आत मॅग्नेशिया (मॅग्नेशियम ऑक्साइड) घालून १५५० अंशांवर दोन तास ठेवलं की घनता घन सेंटिमीटरला ३.९ ग्रॅमच्या आसपास येते. पूर्ण घनता ३.९८ धरतात. कण बारीक, म्हणून अणूंना सरकायचं अंतर कमी आणि आकसायची ओढ जास्त. कण निम्मा झाला, तर त्याच तापमानाला लागणारा वेळ हिशेबाने आठव्या ते सोळाव्या हिश्शावर येतो. मॅग्नेशिया मात्र टाळू नका. ते नसेल तर काही ग्रेन (भट्टीत तयार होणारे स्फटिककण) बेसुमार वाढतात, छिद्रं त्यांच्या पोटात अडकतात आणि नंतर कितीही तापवलं तरी निघत नाहीत.

खरा त्रास गुठळ्यांचा. डी५० चा, म्हणजे कणांच्या मधल्या आकाराचा, आकडा कण पाण्यात सुटे करून मोजलेला असतो. पिशवीत ते एकमेकांना चिकटलेले असतात. गुठळी भोवतालच्या भागाआधी आकसते आणि सुटून येते, कडेला चंद्रकोरीसारखी फट राहते. मोडलेल्या तुकड्याची कड भिंगाखाली धरा, मोठी फट लगेच सापडते. तुकडा बहुतेक वेळा तिथूनच मोडलेला असतो.

उपाय ओला: पाणी, पावडरीच्या अर्धा टक्का पॉलिअ‍ॅक्रिलेट डिस्पर्संट (कण सुटे ठेवणारं रसायन) आणि अ‍ॅल्युमिनाच्याच गोळ्या घालून रात्रभर बॉल मिलमध्ये (गोळ्यांच्या फिरत्या पिंपात) दळा. स्टीलच्या गोळ्या नकोत, लोखंड उतरतं. डिस्पर्संट जास्त पडला तर स्लरी (पावडर-पाण्याचं मिश्रण) उलट घट्ट होते. मग बाइंडर म्हणून दीड टक्का पीव्हीए, ते मऊ ठेवायला थोडं पीईजी आणि स्प्रे ड्राय, म्हणजे गरम हवेत फवारून दाणे करणं. दाणे दाबल्यावर फुटायलाच हवेत. कडक राहिले तर त्यांच्या सीमा पक्क्या मालातही दिसतात.

डाय बदलावे लागतील, हे आधीच धरून चाला. बारीक पावडर कमी दाटते: कच्चा तुकडा पूर्ण घनतेच्या ६० ऐवजी ५५ टक्क्यांवर राहिला, तर ९८ टक्के घनतेला लांबीतलं आकुंचन १५ वरून साडेसतरा टक्क्यांवर जातं. बाइंडर जाळताना ६०० अंशांपर्यंत मिनिटाला एक अंश, त्याहून घाई नको. छिद्रं इतकी बारीक असतात की वायूला वाट मिळत नाही, आणि तुकडा थरांनी उकलतो.

घासून झिजणाऱ्या भागांसाठी आणि सीलसाठी हीच घ्या. भट्टीत माल ठेवायच्या सेटर प्लेटला मात्र जाड पावडरच बरी. थोडी सच्छिद्र प्लेट तापमानाचे झटके जास्त सोसते.